किडनीच्या फाइलमध्ये व्हीडीआरएल कशाला?

पत्र : डॉक्टरताई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा, सोलापूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. दारू नाही, तंबाखू नाही, शुगर-बीपी नाही. दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसायला लागले, मग पाय. चप्पल बसेना. लघवीला साबणासारखा फेस. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, मग स्टेरॉइड. फरक पडेना म्हणून सोलापुरात किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं. २४ तासांच्या लघवीत ६.२ ग्रॅम प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन २.१, क्रिएटिनिन ०.९. बायोप्सीत 'मेम्ब्रेनस' आलं. मग रक्त पुन्हा तपासलं, त्यात उपदंश म्हणजे गरमीच्या दोन तपासण्या, व्हीडीआरएल १:६४ आणि टीपीएचए, पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड कमी करत बंद करू, दर आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं घ्या. पहिलं घेतलं त्याच रात्री हुडहुडी भरून १०२ ताप आला, अंग ठणकत होतं. मला हे औषध सोसत नाही असं वाटतं. दुसरं परवा होतं, गेलो नाही. आणि एवढ्या मोठ्या आजाराला तीन इंजेक्शनं कशी पुरतील? ओळखीचे एक वैद्य भस्म देतो म्हणतात. चूक माझीच आहे. सात महिन्यांपूर्वी डीलर मीटिंगला बाहेरगावी गेलो होतो, तेव्हा एकदाच. बायकोला काही माहीत नाही. सात वर्षांची मुलगी आहे, दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता. बायकोला टॉनिकचं इंजेक्शन म्हणून हेच देता येईल का? नाव छापू नये.

उत्तर : सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं तुमचं पत्र नव्हतं, म्हणून ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी तुम्हाला इमेलवर दोन ओळी पाठवल्या: उद्या सकाळी जाऊन दुसरं इंजेक्शन घ्या, आणि बायकोशी बोलेपर्यंत तिच्यापासून दूर राहा. इंजेक्शनला दोन दिवस उशीर झाला तर चालतो. पण दोन डोसमधलं अंतर चौदा दिवसांच्या पुढे गेलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ येते. ते पोचलं असेल असं धरून चालते. आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी फाइल हातात घेऊन गप्प बसलेले आणखीही काही वाचक असतील.

आधी त्या रात्रीच्या तापाबद्दल. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी मला चांगली माहीत आहे, ती अशी नसते. ती सहसा इंजेक्शननंतर काही मिनिटांत, फार तर तासाभरात दिसते: अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास घुसमटतो, बीपी पडतं. तुम्हाला झालं ते निराळं. दुपारी इंजेक्शन, रात्री थंडी वाजून ताप, डोकं-अंग दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. असंच ना? याला यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. ऑस्ट्रियाच्या यारिश यांनी १८९५ मध्ये आणि फ्रँकफुर्टच्या हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये ती नोंदवली, तेव्हा तर पेनिसिलिन जन्मालाही आलं नव्हतं. औषधाने जंतू एकदम मोठ्या संख्येने मरतात, त्यांचे तुकडे रक्तात पसरतात आणि शरीर त्यावर तापाने फणफणतं. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरलात तो औषध लागू पडल्याचा पुरावा होता. दुसऱ्या इंजेक्शनला असं सहसा होत नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला आणि घरी पॅरासिटामॉल ठेवा. मात्र डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. सध्याच्या तुमच्या किडनीला त्या परवडणार नाहीत.

मला राग आलाच असेल तर तो तुमच्यावर नाही. इंजेक्शन देणाऱ्यांनी 'आज रात्री ताप येईल, घाबरू नका' एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे माणसं औषध अर्धवट सोडतात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मोजत नाही.

तर तुम्हाला झालाय तो उपदंश, इंग्रजीत सिफिलिस. आपल्याकडची जुनी माणसं 'गरमी' म्हणतात. (परमा वेगळा. त्यात लघवीला जळजळ आणि पू असतो. दोन्हींची सरमिसळ फार होते.) तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी अंदाज करते: त्या गावाहून आल्यावर तीनेक आठवड्यांनी लिंगावर एक कडक, न दुखणारी जखम झाली असेल आणि आपोआप भरलीही असेल. न दुखणाऱ्या जखमेकडे कोण लक्ष देतं? पुढे महिना-दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तळहात-तळपायांवर तांबूस डाग, पण खाज नाही. कदाचित डोक्याचे केसही ठिकठिकाणी विरळ झाले असतील. कोणीतरी अ‍ॅलर्जीची गोळी दिली असेल आणि पुरळ गेलं असेल. ते गोळीने गेलं नाही, ते तसंच जातं. रोग आत राहतो.

याच टप्प्यावर काही थोड्या रुग्णांत किडनीही या आजाराच्या कचाट्यात सापडते. कशी, ते समजलं तर तीन इंजेक्शनांचं कोडंही सुटेल.

श्रीखंडासाठी दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगतो, तेव्हा पाणी निथळतं आणि चक्का आत राहतो. एकेका किडनीत सुमारे दहा लाख अशी बारीक पुरचुंडी असते. रक्तातलं पाणी आणि कचरा खाली जातो, प्रथिनं वर राहतात. तुमच्या शरीराने उपदंशाच्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या आणि त्यांचे थर या फडक्याच्या बाहेरच्या बाजूला साचले. वीण सैल झाली आणि पाण्याबरोबर चक्काही गळायला लागला. तोच तुमचा फेस, तेच ६.२ ग्रॅम. रक्तातलं अल्ब्युमिन असं वाहून गेलं की शरीरात मीठ-पाणी साठत जातं आणि पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. या सगळ्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात आणि बायोप्सीत दिसलेल्या थरांच्या ठेवणीला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी.

फडकं फाटलेलं नाही, ही यातली मोलाची गोष्ट. तुमचं क्रिएटिनिन ०.९ आहे, म्हणजे किडनी कचरा नीट काढते आहे. गावात कोणी 'किडनी फेल' म्हणत असेल तर म्हणू द्या, डायलिसिसची भाषा इथे लागूच होत नाही. जंतू मेले की नव्या अँटिबॉडींची आवक थांबते, जुने थर शरीर हळूहळू उचलून नेतं आणि वीण पुन्हा घट्ट होते. सूज काही आठवड्यांत उतरते, लघवीतलं प्रोटीन बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत, काहींचं सहा महिन्यांपर्यंत जागेवर येतं. मेम्ब्रेनसच्या दुसऱ्या रुग्णांना याच आजारासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, रिटुक्सिमॅब अशी प्रतिकारशक्ती दाबणारी जड आणि महागडी औषधं घ्यावी लागतात. तुमच्या बाबतीत आधी कारण मारायचं. अंगात जिवंत संसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे चोर घरात असताना कुत्रा बांधून ठेवणं. म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड काढायचं ठरवलं ते योग्यच आहे. ते सांगतील तसंच कमी करा, मनाने एकदम बंद नको.

तीनच इंजेक्शनं का? हा जंतू आळशी आहे. एकाचे दोन व्हायला त्याला तीसेक तास लागतात. त्याला एका दणक्यापेक्षा रक्तात थोडं थोडं पण दिवसेंदिवस राहणारं पेनिसिलिन मारतं. बेन्झाथिन पेनिसिलिन स्नायूत साठून दोन-तीन आठवडे झिरपत राहतं. मात्रा २४ लाख युनिट, बहुधा १२ लाख एका बाजूला आणि १२ लाख दुसऱ्या बाजूला. घट्ट पांढरं औषध आणि जाड सुई, म्हणून दुखतं. नव्या संसर्गाला नियमाने असा एकच डोस पुरतो. लागण कधीची हे नक्की नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन देतात, आणि किडनी गुंतलेली असली की पुष्कळ डॉक्टर तीनच पसंत करतात. मीही केलं असतं. एक मात्र विचारून ठेवते: अलीकडे नजर अंधुक झालीय का, कानाला दडा बसलाय का, सतत डोकं दुखतंय का? यातलं काहीही असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, कारण मग हे इंजेक्शन पुरत नाही, दुसऱ्या प्रकारचं पेनिसिलिन शिरेतून, दवाखान्यात राहून घ्यावं लागतं.

आता भस्माबद्दल. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथात या आजाराला 'फिरंग रोग' म्हटलं आहे. फिरंगी किनाऱ्याला लागले त्या काळातला हा शब्द. त्यावर तिथे चोपचिनी ही मुळी आणि पाऱ्याचा रसकापूर सांगितला आहे. युरोपातले डॉक्टरही तेव्हा पाराच देत होते, कारण दुसरं काही नव्हतंच. १९१० मध्ये सॅल्व्हरसन हे आर्सेनिकचं औषध आलं आणि १९४३ मध्ये अमेरिकेत महोनी यांनी पहिल्या चार रुग्णांना पेनिसिलिन देऊन बरं केलं, तेव्हा तो अध्याय संपला. तुमच्यासाठी त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मेम्ब्रेनसमध्ये अँटिबॉडी नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटतात, हे २००९ पासून एकेक करून उलगडत गेलं. २०२० मध्ये त्या यादीत 'नेल-१' नावाचं प्रथिन आलं. उपदंशाच्या मेम्ब्रेनसमध्ये काही रुग्णांत हेच सापडलं आहे. आणि पारा पोटात गेलेल्यांतही हेच! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना नेल-१ चे अनेक रुग्ण पाऱ्याचा अंश असलेली देशी औषधं घेत असल्याचं आढळलं. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी नेल-१ च्या १५ रुग्णांना विचारलं, तर १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते. त्या क्रीममधला पारा कातडीतून आत गेला होता. म्हणजे पूर्वी गरमीवर जे औषध द्यायचे तेच, अगदी त्याच जागी, किडनी गळकी करू शकतं. वैद्यांवर माझा आकस नाही. माझ्या आईचा संधिवात एका वैद्यांनीच सुसह्य केला होता. पण ज्या पुडीत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती तुमच्या किडनीला आता नको. घेऊन झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

थोडी वाट सोडून एक सांगते, कारण हे पत्र वाचून कोणी आपला जुना रिपोर्ट उघडून बसेल. एकट्या व्हीडीआरएलवर कधीही कोणाचा निवाडा करू नये. ही तपासणी जंतूला थेट ओळखत नाही. कार्डिओलिपिन नावाच्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्धच्या अँटिबॉडी ती मोजते. त्या ल्युपसमध्ये (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), कुष्ठरोगात, मलेरियानंतर, कधी नुसत्या गरोदरपणातही सापडतात. मजा अशी की ल्युपसही मेम्ब्रेनस करतो. माझ्याकडे एक पंचविशीची मुलगी सूज, सांधेदुखी आणि व्हीडीआरएल १:४ घेऊन आली होती. सासरच्यांनी तिला माहेरी पाठवून दिलं होतं. खुद्द जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारं टीपीएचए निगेटिव्ह निघालं, आजार ल्युपस होता. रिपोर्ट बदलला तरी त्या घरात बोलले गेलेले शब्द बदलले नाहीत. तुमच्या बाबतीत ही शंका नाही. १:६४ हा आकडा मोठा आहे, टीपीएचए पॉझिटिव्ह आहे आणि कारण तुम्ही स्वतःच सांगितलंत.

आता ज्या प्रश्नासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंत तो. टॉनिक सांगून बायकोला इंजेक्शन देता येईल का? नाही. आणि मी हे नीतीच्या उंच पाटावर बसून सांगत नाही. तिला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, हे विचारल्याशिवाय ते टोचणं धोक्याचं. तुमच्यासारखा तिलाही रात्री ताप आला तर काय सांगणार? ती कोणत्या टप्प्यावर आहे, एक डोस लागेल की तीन, हे तिची तपासणी झाल्याशिवाय कळणार नाही. ती आत्ता गरोदर असेल तर पुढची सगळी देखरेखच बदलते. हा जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भ पोटातच दगावतो, मूल मृत जन्मतं, किंवा जन्मल्यावर दोन-तीन महिन्यांत तुमच्यासारखीच सूज घेऊन येतं. तान्ह्या बाळाची सुजलेली किडनी मी पाहिली आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही. उलट आईला वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ सुखरूप राहतं. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार तुमच्या दोघांचे उपचार पूर्ण होऊन रक्ताचे आकडे उतरेपर्यंत बाजूला ठेवा. आणि आज घरी गेल्यावर पहिली चौकशी तिच्या पाळीच्या तारखेची करा.

तिला सांगावंच लागेल. मागच्या तीन महिन्यांत तुमचा संबंध आला असेल तर तिची तपासणी निगेटिव्ह आली तरी तिला औषध देतात, कारण अँटिबॉडी दिसायला वेळ लागतो. ती तशीच राहिली तर तुम्ही बरे होऊन पुन्हा तिच्याकडूनच आजार घ्याल. टीपीएचए पॉझिटिव्ह असणं म्हणजे कवच नव्हे, उपदंश पुन्हा होऊ शकतो.

कसं सांगायचं? 'डॉक्टरांनी सगळ्या घराची तपासणी सांगितली आहे' इथून सुरुवात करू नका. ते खोटं आहे आणि दोन प्रश्नांत उघडं पडेल. मुलगी झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून, आडपडदा न ठेवता बोला: 'माझ्या किडनीचा आजार एका संसर्गामुळे आहे. तो मला बाहेर संबंध ठेवल्यामुळे झाला. एकदा झालं, सात महिन्यांपूर्वी. तुलाही लागण झालेली असू शकते, म्हणून उद्या तपासणी करायची आहे. दोघंही पूर्ण बरे होऊ शकतो.' बस. कारणं देऊ नका, रडून तिच्याकडून धीर मागू नका. तिला त्या रात्री तुमच्या किडनीची काळजी वाटणार नाही, आणि वाटलीच पाहिजे असंही नाही. ती माहेरी जाईन म्हणाली तर अडवू नका, फक्त तपासणी करून जा असं सांगा. तिने पुढे काय करायचं हे मी सांगणार नाही. ते तिने मला विचारलेलं नाही.

तोंडच उघडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे समुपदेशक बसतात, दोघांना समोर बसवून बोलतात, तपासणी-औषधाला पैसे पडत नाहीत. किंवा १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर आधी एकट्याने बोलून घ्या. गावात ओळखीचं कोणी भेटेल ही भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, त्याला काही हरकत नाही.

मुलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती भीती पत्रात सगळीकडे आहे. ताट, टॉवेल, संडास, एकत्र झोपणं यातून हा आजार लागत नाही. तिचा जन्म तुमच्या लागणीच्या कितीतरी आधीचा. तिला निर्धास्त जवळ घ्या.

मधल्या दिवसांत मीठ हात राखून. तुमच्या भागातला ठेचा, शेंगाचटणी, पापड, फरसाण दोन महिने लांब ठेवा. डाळ-उसळ नेहमीइतकीच. प्रोटीन गळतंय म्हणून डबे भरून प्रोटीन पावडर खाऊ नका, ती त्याच फडक्यातून खाली जाते. रोज सकाळी वजन वहीत लिहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजून दुखायला लागला, एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं किंवा लघवी लाल झाली तर वाट पाहू नका. अल्ब्युमिन २.५ च्या खाली असलं की रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि तुमचं २.१ आहे. व्हीडीआरएल सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा करा. १:६४ चं १:१६ किंवा त्याहून खाली आलं म्हणजे उपचार लागू पडला. टीपीएचए मात्र बहुतेकांचं आयुष्यभर पॉझिटिव्हच राहतं. उद्या एखाद्या ऑपरेशनआधी कोणी ते पाहून भुवया उंचावल्या तर दाखवायला आत्ताचे कागद जपून ठेवा. आणि सहा महिन्यांनंतरही प्रोटीन गळतच राहिलं, तर कारण दुसरं असू शकतं. तेव्हा किडनीच्या डॉक्टरांना नव्याने विचार करू द्या.

इंजेक्शनच्या दिवशी मोटरसायकलने जाऊ नका. येताना सीटवर बसवणार नाही.